दोन दोऱ्यांचा लोटा

एकदा एक अर्धंच वाक्य माझ्या कानावर पडलं.

गिरणीत दळणाच्या रांगेत उभी होते. माझ्यापुढं हौसाबाई आणि तिच्यासोबत तिची कुणी परगावची पाहुणी. हौसाबाई तिला सांगत होती, "तो उपाध्यांचा म्हातारा गं, नातीला शाळेत घालत नाही. सहा वर्षांची पोर ती. रोज सकाळी तिच्या कमरेला दोर बांधतो, आणि विहिरीत..."

तेवढ्यात गिरणीवाल्यानं पट्टा चढवला आणि घरघर सुरू झाली. पाहुणीचे डोळे मोठे झाले, तिनं तोंडावर पदर धरला. म्हणजे तिला पुढचं ऐकू गेलं होतं. मला नाही.

पट्टा थांबल्यावर मी हौसाबाईला गाठलं. "काय म्हणत होतीस? विहिरीत काय?"

"मला काय विचारतेस?" ती डब्याला झाकण लावत म्हणाली. "तू तर भिंतीला भिंत लावून राहतेस त्यांच्या. तुला माहीत नाही?"

ते मात्र मनाला लागलं. गल्लीत कुणाकडं पाहुणे आले, कुणाचा कुकर किती शिट्ट्या झाल्यावर उतरला, हे मला ठाऊक असतं. आणि शेजारच्या विहिरीत काय चालतं हे हौसाबाईनं मला सांगावं?

उपाध्ये म्हणजे आमच्या गावातल्या जैन बस्तीत पिढ्यान्‌पिढ्या पूजा करणारं घराणं. बस्ती म्हणजे त्यांचं देऊळ. घरात माणसं मोजकी. सगळा गाव ज्यांना अण्णा म्हणतो ते वृद्ध गृहस्थ, त्यांची सून त्रिशला, आणि नात सुव्रता. मुलगा शहरात कापडाच्या दुकानात असतो, रविवारी येतो. माणसं सात्त्विक. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकलेली, कधी मोठा आवाज नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण दार सदा लोटलेलं.

गेल्या जूनमध्ये गल्लीतली सगळी पोरं नवी दप्तरं पाठीवर टाकून निघाली, तेव्हा सुव्रता खिडकीत उभी होती. अण्णांनी मुलाकडून एक वर्ष मागून घेतलं होतं. "एक वर्ष ती माझ्याजवळ शिकू दे." मुलानं ते दिलं, पण अट घातली. ही अट त्रिशलानं भिंतीवरून मला सांगितली. "काकी, ते म्हणालेत, सरकारी माणूस दारात आला आणि कागदावर 'शाळाबाह्य' असा शेरा पडला, तर मी पोरीला शहरातल्या निवासी शाळेत ठेवणार. मग कुणी रडायचं नाही. तेव्हापासून दारात मोटारसायकल थांबली तरी मी आधी पोरीला आत घेते."

हे सगळं मला माहीत होतं. आणि तरीही जे घडलं ते माझ्याच तोंडून घडलं, हे आधीच सांगून टाकते.

चैत्र संपत आला होता. शाळेचे शिकलगार गुरुजी यादी घेऊन घरोघर फिरत होते. कुणाचं मूल शाळेत जात नाही, का जात नाही, हे लिहून घेणं त्यांचं काम. आमच्या कट्ट्यावर टेकले, पाणी प्याले, आणि सहज म्हणाले, "काकी, या गल्लीत कुणी राहिलंय का हो?"

मी म्हणाले, "आहे की. आमच्या शेजारी." आणि तेवढ्यावर थांबायचं सोडून पुढं म्हणाले, "तिला म्हणे दोर बांधून विहिरीत..."

गुरुजींनी पेन खिशाला लावलं आणि ते उठले. माझा जीव चरकला. विरजणाची रिकामी वाटी हातात घेतली, आणि गुरुजींच्या मागोमाग मीही उपाध्यांच्या दारात उभी राहिले.

मागच्या अंगणात विहिरीच्या कठड्याजवळ सुव्रता उभी होती. पाणी नुकतंच गाळून झालं असावं. पितळी हंड्यावर जाड, दुहेरी फडकं, आणि तिच्या दोन्ही हातांत एक छोटा लोटा. अण्णा खांबाला टेकून बसलेले. गुरुजींना पाहून त्रिशलाच्या हातातलं सूप तिथंच राहिलं.

गुरुजी माणूस चांगला, पण उन्हाचे आलेले आणि अजून अकरा घरं बाकी असलेले. त्यांनी पाटी पुढं केली. "ये बाळ. नाव लिहून दाखव."

"आलेच," सुव्रता म्हणाली. "आधी हे सोडून येते."

"आधी नाव."

तिनं अण्णांकडं पाहिलं. अण्णा म्हणू शकले असते, ठेव तो लोटा बाजूला, पाहुण्यांचं ऐक. एका शब्दाचं काम होतं. ते बोलले नाहीत. पोर लोटा छातीशी धरून तशीच उभी राहिली. हट्टानं नव्हे. कुशीत तान्हं बाळ आहे आणि दाराशी कुणी आलंय, तेव्हा बाई जशी उभी राहते, तशी.

"अहो, कुणीतरी घ्या की ते तिच्या हातातलं!" गुरुजी वैतागून म्हणाले.

कुणीतरी म्हटलं की मी पुढं व्हायचंच. केलेल्या चुकीची भरपाई करायची घाईही होती. मी लोटा तिच्या हातातून घेतला. पाहिलं तर तळाशी ओंजळभर पाणी. सोवळ्यातल्या माणसांचं पाणी म्हणजे पवित्रच असणार. आमच्यात असं पाणी पायदळी येऊ देत नाहीत. मी भिंतीवरून हात लांब केला आणि ते आमच्या तुळशीला घातलं. वर नमस्कारही केला.

मागं वळले तर सुव्रताचा चेहरा पांढरा पडला होता.

"काकी, कुठं ओतलंत?"

"तुळशीला गं. चांगल्या जागी घातलं."

तिनं माझ्या हातातल्या लोट्यात डोकावून पाहिलं. "त्यांचं घर विहिरीत होतं."

"कुणाचं?"

"जिवांचं. पाण्यात बारीक जीव असतात, दिसत नाहीत. पाणी गाळलं की ते फडक्यात राहतात. मग गाळलेल्या पाण्यानं फडकं धुवायचं आणि ते पाणी ज्या विहिरीतलं त्याच विहिरीत परत सोडायचं. त्याला जिवाणी म्हणतात." एवढं सांगून ती माझ्या तुळशीकडं बघत राहिली. माती उन्हानं तापलेली. पाणी केव्हाच जिरून गेलं होतं.

माझ्या हातातला लोटा एकाएकी जड झाला.

मला वाटलं, आता अण्णा रागावणार. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "सुव्रता, काकींना हे माहीत होतं का?"

"नाही."

"मग?"

पोरीनं मनगटानं डोळे पुसले. "मग सांगायचं."

आणि तिनं माझा हात धरला.

माझं वय पंचावन्न. चाळीस वर्षं मी विहिरीचं पाणी शेंदते. त्या दिवशी एका सहा वर्षांच्या मुलीनं मला पाणी काढायला शिकवलं. बादली आपटायची नाही. फडकं दुहेरी घ्यायचं. उन्हात धरून पाहायचं, आरपार सूर्य दिसला तर ते चालत नाही. ओतताना घाई नाही. "काकी, तुमची धार जाड झाली," ती म्हणाली. "जाड धारेत फडकं घाबरतं."

"फडकं घाबरतं होय?" गुरुजींना हसू फुटलं.

"म्हणजे मधोमध खोल जातं आणि बाजूनं न गाळलेलं पाणी निसटतं," ती गंभीरपणे म्हणाली. गुरुजींचं हसू तिथंच थांबलं.

फडकं गाळलेल्या पाण्यानं लोट्यात धुतलं, मग दोर आला. हौसाबाईचा दोर. त्रिशलाच्या जुन्या लुगड्याची पीळ दिलेली पट्टी होती ती. सुव्रतानं एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि दुसरं टोक अण्णांकडं नेलं. अण्णांनी ते आपल्या कमरेला बांधून घेतलं, पाठ खांबाला टेकवली आणि दोन्ही पाय समोरच्या दगडाला घट्ट लावले. एवढं सगळं ती दोघं न बोलता करत होती. रोजचंच असावं.

लोट्याला दोन दोऱ्या होत्या. एक काठाच्या कडीला, एक तळाच्या कडीला. काठाची दोरी तिनं घेतली. तळाची माझ्या हातात दिली. "ही सैल धरा. मी सांगेन तेव्हा ओढा. आधी नाही."

लोटा सरळ, न हिंदकळता खाली निघाला. चैत्रातली विहीर, पाणी खोल. दोरी तिच्या लहानग्या हातांतून हातभर, हातभर सुटत होती आणि तिचे ओठ हलत होते. मला वाटलं मंत्र म्हणते आहे. मग कान दिला तर ती मोजत होती. मीही कठड्यावरून वाकले. खाली काळोख, काळोखात आभाळाचा एक गोल तुकडा, आणि त्या तुकड्याच्या मध्यावर आमचा लोटा अलगद टेकला.

"आता."

मी ओढली. लोटा पालथा झाला. आवाजसुद्धा झाला नाही. फक्त एक वर्तुळ उठलं आणि पसरत पसरत विहिरीच्या भिंतीला जाऊन मिळालं. पोर हात जोडून, पाणी पुन्हा स्थिर होईपर्यंत बघत उभी होती. चाळीस वर्षं अशाच पाण्यात मी बादल्या धडाधड आपटल्या. ते कुणाचं तरी घर आहे, असं एकदाही मनात आलं नव्हतं. खालून गार हवा चेहऱ्यावर आली. आपण कुणाच्या तरी दारात उभे आहोत, असं वाटलं.

वळून पाहते तर गुरुजी गुडघ्यावर बसून कठड्याच्या भिंतीकडं टक लावून पाहत होते. भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या, ओळीमागून ओळ. पाच रेघा झाल्या की त्यांना छेद. अधूनमधून एक पांढरा गोल, एक काळा गोल.

"हे काय आहे?"

"दोरी किती हात लागली ते," सुव्रता म्हणाली. "रोजची ओळ. पांढरा गोल पौर्णिमा, काळा अमावास्या."

"श्रावणात किती होतं?"

तिनं बोट फिरवलं. "सहा हात."

"आणि आज?"

"एकोणीस."

"म्हणजे किती खाली गेलं?"

"तेरा हात." विचारून संपायच्या आत उत्तर आलं. "म्हणून आता पाणी जपून वापरायचं. आणि दोरीला तुकडा जोडायला हवा. नाहीतर लोटा टेकायच्या आधीच पालथा होईल, आणि ते उंचावरून पडतील."

गुरुजींनी पाटी पुन्हा पुढं केली. या वेळी आवाज मऊ होता. तिनं नाव लिहिलं. जोडाक्षराशी अडखळली, खोडलं, पुन्हा लिहिलं, तरी चुकलंच. पहिलीचं पुस्तक उघडून दिलं तर दोन ओळी बोट ठेवून सावकाश वाचल्या, तिसरी नाही जमली. हौसाबाई म्हणते त्यात तथ्य नव्हतंच असं नाही. माझ्या भावाची नात याहून भराभर वाचते.

गुरुजींनी पुस्तक मिटलं. मग यादी मांडीवर घेऊन म्हणाले, "अण्णा, बावीस वर्षं शिकवतोय. मी असं लिहितो, की शिक्षण घरी चालू आहे, प्रगती समाधानकारक. पुन्हा कुणी तुमच्या दारात येणार नाही. निश्चिंत राहा."

त्रिशलानं डोळे मिटून भिंतीला डोकं टेकवलं. माझाही श्वास मोकळा झाला.

तेव्हा अण्णा म्हणाले, "नको गुरुजी. शाळाबाह्य असंच लिहा. आणि पुढं लिहा, जूनपासून गावच्या शाळेत. मी सही करतो."

त्रिशला ताडकन उभी राहिली. "मामंजी! काय करताय हे? तो शेरा पडला की ते तिला..."

गुरुजीही बुचकळ्यात पडले. "अण्णा, मी स्वतःहून सूट देतोय. वर्षभर तुम्ही ज्यासाठी जपलंत तेच आज मिळतंय. मग हे का?"

अण्णांनी कमरेची गाठ सोडली, पट्टीची घडी घातली. मग सावकाश बोलले.

"गुरुजी, पाणी गाळणं हे अर्धं काम. गाळून घेतलं, प्यालो, आणि फडक्यातले जीव तसेच वाळू दिले, तर ते गाळणं कसलं? जिथून घेतलं तिथं परत सोडलं म्हणजे काम पुरं. ही मुलगी मी वर्षभर गोंगाटातून बाजूला काढली. तिचे हात स्थिर झाले, नजर स्थिर झाली. मला ते इतकं गोड वाटलं, की परत सोडायचं असतं हे विसरलो. आज शेजारणीनं तुळशीला पाणी घातलं तेव्हा आठवलं. दिसत नाहीत अशा जिवांची ओळख मी नातीला करून दिली, आणि भिंतीपलीकडं रोज दिसणाऱ्या माणसाला वर्षभरात एकदाही आत या म्हटलं नाही. दोष त्यांचा नाही. लोटलेल्या दाराचा आहे. आणि जी मुलगी डोळे पुसून शेजारणीला शिकवू शकते, ती वर्गात हरवणार नाही."

त्रिशला रडत म्हणाली, "पण निवासी शाळा..."

"त्याला मी सांगेन. परत सोडायचं खरं, पण उंचावरून ओतायचं नाही. सहा वर्षांचं मूल आईपासून तोडून शहरात ठेवणं म्हणजे काठावरून ओतणं. ही इथल्या शाळेत जाईल. दोरीनं, अलगद. सकाळी विहीर माझी, दुपारी शाळा तुमची, आणि दिवस मावळायच्या आत जेवायला घरी. जोडाक्षरं तेवढी तुम्ही शिकवा, गुरुजी. माझ्या डोळ्यांना आता ती दिसत नाहीत."

शेवटचं वाक्य त्यांनी असं सहज म्हटलं, की क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग गुरुजींनी पाटीकडं पाहिलं, पोरीच्या चुकलेल्या अक्षराकडं पाहिलं, अण्णांच्या धूसर डोळ्यांकडं पाहिलं, आणि खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

जे जीव तुळशीत गेले त्यांच्यासाठी प्रायश्चित्त म्हणून त्या घरानं त्या दिवशी एकेक आवडीची गोष्ट सोडली. सुव्रतानं गूळ सोडला. मी म्हणाले, मी चहा सोडते. पाच वाजता माझं डोकं असं ठणकलं की पुसू नका, पण सोडला. निघताना मात्र पाय उचलेना. मी अण्णांना म्हणाले, "गुरुजींना मीच सांगितलं होतं."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "बरं केलंत. आणि विरजण न घेताच निघालात की."

वाटी खरंच रिकामीच होती.

रविवारी मुलगा आला तो तावातावानं. चपला काढायच्या आधीच आवाज सुरू. "शेवटी पडलाच ना शेरा? मी काय सांगितलं होतं?" भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येत होतं; नाही म्हटलं तर मी त्यासाठीच उभी होते. मग डोकावले, तर अण्णा कमरेला पट्टी बांधत होते. सुव्रतानं बापाच्या हातात तळाची दोरी दिली आणि म्हणाली, "बाबा, मी सांगेन तेव्हा ओढा. आधी नाही."

दोरी हातभर, हातभर खाली गेली. मग "आता" असा तिचा आवाज. विहिरीवरून वाकलेला तो तरणाताठा माणूस कितीतरी वेळ सरळ झालाच नाही. झाला तेव्हा त्यानं बायकोला एवढंच विचारलं, "इथली शाळा किती वाजता सुटते?"

आता आषाढ लागलाय. सुव्रता दुपारी दप्तर घेऊन जाते, संध्याकाळी दोन मैत्रिणी बरोबर घेऊन येते. त्या दोघीही फडकं उन्हात धरून सूर्य दिसतो का ते पाहतात. उपाध्यांचं दार उघडं असतं.

परवा गिरणीत पुन्हा हौसाबाई भेटली. "काय गं," ती कोपर मारत म्हणाली, "ती दोराची गोष्ट खरी निघाली का?"

"दोर खरा," मी म्हणाले. "विहीरही खरी."

"बघ! मी म्हणत नव्हते? आणि पोरीला विहिरीत..."

"पोर काठावर असते. दोराचं दुसरं टोक म्हाताऱ्याच्या कमरेला असतं. अण्णांची पाठ धरली तेव्हा चार दिवस माझ्या कमरेला होतं. खाली जातं ते वेगळंच."

"वेगळंच म्हणजे काय?"

मी सांगणार तोच गिरणीवाल्यानं पट्टा चढवला आणि घरघर सुरू झाली. हौसाबाईचं दळण झालेलं होतं, माझंही झालेलं होतं. तिनं डबा उचलला.

मी तिचा हात धरला, आणि पट्टा थांबेपर्यंत तिला तिथंच उभं केलं.